पॅट्रिक गेडिस : डोंगरापासून दर्यापर्यंत

दिवाळीच्या आदल्या रात्री आपल्या गोमंतकात वाड्यावाड्यांवर नरकासुर उभे राहतात आणि पहाटे ते जाळले जातात, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. बांबूचा सांगाडा, सुके गवत, जुने कागद, चार डबे रंग आणि आठवडाभराचे जागरण एवढ्या सामग्रीवर मुले तो राक्षस घडवितात. त्यांची ती लगबग पाहिली की आम्हांला दरवर्षी एका पांढऱ्या दाढीच्या स्कॉच प्राध्यापकाची आठवण होते. त्याने १९१७ च्या सुमारास इंदूर नगरीत, होळकरांच्या राज्यात, दिवाळीच्या दिवसांत असाच एक राक्षस जाळविला होता. आणि राक्षसाच्या जोडीला एक भलाथोरला उंदीरही. ती हकीकत पुढे येईलच. तत्पूर्वी हा गृहस्थ कोण, कुठला आणि उंदीर जाळण्याइतका आपल्या देशात कसा रमला, ते सांगणे प्राप्त आहे.

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलाटर या गावी झाला. (गांधीजयंतीचाच दिवस असल्यामुळे विद्यार्थ्यांना ही तारीख पाठ करावी लागू नये.) वडील सैन्यात होते. मूल तीन वर्षांचे असताना कुटुंब पर्थ शहराजवळ एका टेकडीवरील लहानशा घरात राहावयास आले. घराभोवती बाग होती आणि टेकडीवरून टे नदीचे सारे खोरे दिसत असे. उत्तरेला हायलँडचे डोंगर, पायथ्याशी शेते, मध्ये शहर आणि पूर्वेकडे समुद्राला भेटावयास निघालेली नदी. हे दृश्य त्या मुलाने वर्षानुवर्षे, सर्व ऋतूंत पाहिले. वडिलांनी त्याला बागेत बरोबर घेऊन खणणे, लावणे, मोजणे शिकविले. मुलाने गोळा केलेले दगड, पाने आणि शिंपले घरात मावेनासे झाले तेव्हा बागेतील एक खोपटे त्याला प्रयोगशाळा म्हणून मिळाले. असे वडील सर्वांच्याच नशिबी नसतात, हे शिक्षकाच्या धंद्यात असल्यामुळे आम्ही खात्रीने सांगू शकतो.

तथापि त्याच वडिलांनी पुढे मुलाला बँकेत चिकटविले. सुमारे दीड वर्ष त्याने खतावण्या लिहिल्या आणि सन्मानाने सुटका करून घेतली. १८७४ मध्ये वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी तो एडिंबरोच्या विद्यापीठात गेला, पण तेथील वाळवलेल्या झाडांना आणि घोकंपट्टीला कंटाळून एका आठवड्यात बाहेर पडला. तेथून त्याने तडक लंडन गाठले, कारण तेथे हक्सले शिकवीत होते. हक्सले म्हणजे डार्विनच्या मताचे त्या काळचे सर्वांत बिनीचे पुरस्कर्ते. गोगलगायीच्या जातीच्या प्राण्यांची जीभ नेमकी कशी हलते याविषयी गुरूंनी मांडलेला सिद्धान्त बरोबर नाही, असे या शिष्याला शवविच्छेदन करताना आढळले. हक्सले यांनी स्वतः पाहून चूक मान्य केली आणि हे संशोधन प्रसिद्ध कर, असे त्यालाच सांगितले. शिष्याची हुशारी यात आहेच, परंतु गुरूचे मोठेपण आम्हांला अधिक वाटते.

१८७८ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरील रोस्कॉफ येथे गेडिस यांच्या आयुष्याला खरे वळण लागले. तेथील वाळूत ओहोटीच्या वेळी हिरवेगार चपटे किडे उन्हात पसरलेले असतात. झाडाच्या पानाप्रमाणे हे किडेही सूर्यप्रकाशात प्राणवायू बाहेर टाकतात, असे गेडिस यांनी दाखविले. याच वाटेने पुढे जात, काही प्राण्यांच्या शरीरात अतिसूक्ष्म शेवाळ वस्ती करून असते व दोघांचा संसार एकमेकांच्या आधाराने चालतो, या निष्कर्षास ते आले. बळी तो कान पिळी हाच सृष्टीचा एकमेव नियम, असे सांगण्याची तेव्हा मोठी टूम होती. त्या काळात या तरुणाला भिंगाखाली सहकार दिसला. फ्रान्समध्येच ल प्ले या विचारवंताची शिकवण त्यांच्या कानी पडली. स्थान, काम आणि कुटुंब या तीन गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय मनुष्यसमाज समजत नाही, असा तिचा सारांश होता. किड्याविषयीचे ज्ञान आणि माणसाविषयीची ही शिकवण या दोहोंची सांगड घालण्यात त्यांचे पुढील सारे आयुष्य गेले.

पुढच्याच वर्षी मेक्सिकोत नमुने गोळा करीत असता त्यांच्या डोळ्यांवर आघात झाला. दिसेनासे झाले आणि आठवड्यांमागून आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागले. भिंगावर जगणाऱ्या पंचवीस वर्षांच्या शास्त्रज्ञावर याहून क्रूर प्रसंग कोणता यावा? एके दिवशी हाताला खिडकीची तावदाने लागली. चौकटींवरून बोटे फिरविता फिरविता त्यांच्या मनात आले की प्रत्येक चौकटीत एकेक विषय ठेवला तर आडव्या-उभ्या शेजाराने त्यांचे परस्परसंबंध दिसू लागतील. दृष्टी परत आल्यावर कागदाच्या घड्या घालून असे चौकटीचे तक्ते करण्याचा नादच त्यांना जडला. डोळे मात्र पूर्वीसारखे भिंगाला साथ देईनात. तेव्हा सूक्ष्म जीवांकडून ते मोठ्या जीवांकडे, म्हणजे गावे आणि शहरे यांच्याकडे वळले.

१८८६ मध्ये त्यांचा विवाह ॲना मॉर्टन या संगीतनिपुण तरुणीशी झाला. नवपरिणीत दांपत्याने चांगल्या वस्तीतील घर सोडून जुन्या एडिंबरोतील जेम्स कोर्ट नावाच्या गलिच्छ चाळवजा वस्तीत बिऱ्हाड थाटले. झाडणे, धुणे, भिंती रंगविणे, खिडक्यांत फुलझाडांच्या पेट्या ठेवणे ही कामे त्यांनी आधी स्वतः केली. मग शेजारी हळूहळू हात लावू लागले. १८८८ मध्ये डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे अध्यापकपद मिळाले. ते वर्षातून केवळ उन्हाळी सत्रापुरते असल्यामुळे उरलेला वेळ एडिंबरोसाठी मोकळा राहिला.

तेथे १८९२ मध्ये त्यांनी किल्ल्याजवळचा एक जुना मनोरा ताब्यात घेतला आणि त्यास आउटलुक टॉवर हे नाव दिले. पाहावयास येणाऱ्यास गेडिस अरुंद जिन्याने धापा टाकीत थेट माथ्यावर नेत, कारण रक्त खेळते असले म्हणजे डोळे अधिक टिपतात असा त्यांचा विश्वास होता. माथ्यावर अंधाऱ्या खोलीत आरसा आणि भिंग यांच्या योगाने पांढऱ्या मेजावर साऱ्या शहराचे हलतेबोलते चित्र पडे. मग गच्चीवर जाऊन तेच शहर उघड्या डोळ्यांनी पाहावयाचे. त्यानंतर एकेक मजला खाली उतरावयाचा : प्रथम एडिंबरो, मग स्कॉटलंड, मग इंग्रजी भाषा बोलणारे देश, मग युरोप आणि तळमजल्यावर जग. आमच्या पाठ्यपुस्तकांत हा क्रम बहुधा उलटा असतो. मुलाला सूर्यमाला पाठ असते आणि शाळेमागचा ओहोळ कोठून येतो ते ठाऊक नसते.

गेडिस यांची सर्वांत प्रसिद्ध कल्पना म्हणजे खोऱ्याचा छेद. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत जमीन सुरीने कापली आहे अशी कल्पना करावयाची आणि बाजूने चित्र काढावयाचे. वर खाणीत काम करणारा, त्याखाली लाकूडतोड्या आणि शिकारी, मग उतारावरच्या कुरणात मेंढपाळ, मग हलक्या जमिनीवरचा गरीब शेतकरी, मग सखल भागातील सधन शेतकरी आणि शेवटी किनाऱ्यावरचा कोळी. प्रत्येकाचे काम त्याच्या पायाखालच्या मातीने, पावसाने, झाडांनी ठरविलेले. आणि वरच्याने केलेल्या प्रत्येक गोष्टीचा परिणाम पाण्याबरोबर खालच्याच्या दारी जाणारा. आपण आज ज्यास परिसंस्था म्हणतो तिचे इंग्रजी नाव टॅन्स्ली या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये प्रचारात आणले, म्हणजे गेडिस यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. शब्द जन्मण्यापूर्वीच हे चित्र तयार होते. लहानपणी पर्थच्या टेकडीवरून पाहिलेले टे नदीचे खोरेच त्यात उतरले आहे, हे सुज्ञांस सांगणे नलगे.

येथे थोडे विषयांतर करण्याची परवानगी वाचकांनी द्यावी. अन्नसाखळी हा धडा आम्ही पाचवीच्या वर्गास कैक वर्षे शिकविला. गवत, टोळ, बेडूक, साप, घार असे फळ्यावर लिहावयाचे, मध्ये बाण काढावयाचे आणि परीक्षेत तेच बाण परत घ्यावयाचे. एके वर्षी गेडिस यांच्याविषयी वाचल्यावर आम्ही बाण पुसले आणि वर्गाला म्हादईचे खोरे मातीत घडविण्यास सांगितले. बेळगाव जिल्ह्यातील भीमगडच्या रानात उगम पावून पणजीला दर्यास मिळणारी मांडवी, म्हणजे गेडिस यांच्या छेदाला जणू मापून घेतलेली नदी. चार फळ्या जोडून त्यावर घाट उभा राहिला. कोणी धनगराचे खोपटे केले, कोणी कुळागरातील पोफळी आगपेटीच्या काड्यांच्या केल्या. खाजनाच्या बांधावर एका मुलीने पुठ्ठ्याची मानस बसविली आणि तिची झडप भरतीला आपोआप मिटते व ओहोटीला उघडते, म्हणून खारे पाणी शेतात शिरत नाही आणि पावसाचे पाणी तुंबत नाही, हे साऱ्या वर्गाला समजावून दिले. ही माहिती तिला आम्ही दिलेली नव्हती. तिच्या आजोबांनी दिली होती.

डिचोलीच्या बाजूने आलेला एक मुलगा नदी रंगवीत होता. त्याने ती तांबडी रंगविली. आम्ही त्यास जरा रागानेच निळा रंग घेण्यास सांगितले. तो गप्प राहिला, पण कुंचला बदलीना. खोदून विचारले तेव्हा कळले की घराजवळच्या खाणीची माती पावसाळ्यात पाण्यात उतरे आणि लहानपणापासून त्याने नदी त्याच रंगाची पाहिली होती. वर्ग क्षणभर स्तब्ध झाला. मग रायबंदरच्या एका मुलीने विचारले की ती माती खाली आली म्हणजे तिसऱ्यांचे काय होते. मग शेताचे काय होते, मानशीच्या तोंडाशी गाळ बसला तर काय होते, असे प्रश्न सुरू झाले आणि तास संपल्याची घंटा कोणास ऐकू आली नाही. वडिलांची रोजी ज्या खाणीवर होती तीविषयी तो मुलगा वाईट बोलू देईना, आणि तेही योग्यच होते. गेडिस यांच्या चित्रात खाणकामगार सर्वांत वरच्या जागी का उभा आहे, हे आम्हांला त्या दिवशी समजले. नदी तांबडीच ठेवली.

आता मूळ हकीकतीकडे वळू. गेडिस यांनी आपल्या मुलांना बराच काळ शाळेत घातले नाही. नोरा, अलास्डर आणि आर्थर ही तिघे बहुतेक घरी, बागेत आणि रानावनात शिकली. लेखन, वाचन, गणित या तीन विद्यांऐवजी हृदय, हात आणि मस्तक यांस त्याच क्रमाने शिकवावे, असे ते म्हणत. १९०४ मध्ये डन्फर्मलिन येथील उद्यानासाठी त्यांनी मोठा आराखडा लिहिला. ओढा स्वच्छ करणे, निसर्गाचे संग्रहालय, बालकांच्या बागा असे सारे त्यात होते. ज्यांनी तो मागविला त्यांनी तो बाजूस ठेवला. असे त्यांच्या बाबतीत वारंवार घडले. एडिंबरोत मात्र त्यांच्या मंडळींनी जुन्या शहरातील सुमारे पाऊणशे ओसाड तुकडे मोजून काढले आणि त्यांतील काहींवर बागा उठविल्या. आखणी बव्हंशी नोराची. उकिरड्यांच्या जागी गरिबांची मुले वाफे खणू लागली.

१९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून गेडिस हिंदुस्थानास निघाले. नगररचनेच्या प्रदर्शनाचे सारे नकाशे व चित्रे दुसऱ्या जहाजावर होती. महायुद्ध नुकतेच पेटले होते. एमडेन या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडविले आणि अनेक वर्षांचा संग्रह समुद्राच्या तळाशी गेला. मित्रांनी घाईघाईने नवा संग्रह जमवून पाठविला आणि १९१५ च्या आरंभी मद्रासेत प्रदर्शन उघडलेसुद्धा.

पुढची काही वर्षे ते गावोगाव हिंडले. बडोद्यासाठी त्यांनी १९१६ मध्ये अहवाल दिला. गल्लीबोळ पाडून सरळ रस्ते काढण्याच्या इंजिनियरी हव्यासाला त्यांचा विरोध असे. जेवढे कुजले तेवढेच काढावे, बाकीचे जपावे, ही त्यांची पद्धत. डासांसाठी जुनी तळी बुजवावयास निघालेल्यांना ते सांगत की तळी साफ करा, त्यांत मासे आणि बदके सोडा, ती डासांची अंडीपिल्ली खातील. अंगणातील तुळशीचे त्यांना फार कौतुक. जिथे वृंदावन नीट राखलेले असते तेथे घरही नीट राखलेले असते, असे त्यांनी पाहिले होते.

१९१७ या वर्षाने त्यांच्यावर जो घाव घातला तो मेक्सिकोतील अंधाराहून मोठा होता. एप्रिलात थोरला मुलगा अलास्डर फ्रान्सच्या रणभूमीवर पडला. ॲना त्या वेळी विषमज्वराने आजारी होत्या. पत्नीस ही बातमी सांगण्याचे धैर्य गेडिस यांना झाले नाही. मुलाची मागे राहिलेली पत्रे टपालाने येत राहिली आणि ती ते तिला वाचून दाखवीत राहिले. जूनमध्ये कलकत्त्यास तिचे देहावसान झाले. मुलगा गेल्याचे तिला अखेरपर्यंत कळले नाही.

अशा मनःस्थितीत त्यांनी इंदूरचे काम अंगावर घेतले. तुकोजीराव होळकर तिसरे यांची तेथे राजवट होती आणि शहरात प्लेगची दहशत होती. हातात नकाशे घेऊन हा म्हातारा बोळाबोळांतून हिंडू लागला की बायका मुलांना घरात ओढून घेत. हाच प्लेग आणणारा साहेब, असा लोकांचा समज झाला होता. गेडिस यांनी दरबाराकडून दिवाळीच्या मिरवणुकीची सूत्रे मागून घेतली. मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न जाता जे मोहल्ले आपली घरे सर्वांत स्वच्छ करतील त्यांच्यातून जाईल, अशी दवंडी पिटली गेली. मग काय विचारता! घरोघर डागडुजी, रंगरंगोटी सुरू झाली. सरकारने केर फुकट उचलला आणि हजारो गाड्या घाण गावाबाहेर गेली. त्या अडगळीबरोबर उंदरांची बिळेही गेली, हेच गेडिस यांना हवे होते.

मिरवणुकीच्या दिवशी आधी नेहमीचा लवाजमा आला. त्यामागून अक्राळविक्राळ आकृत्या आल्या : घाणीचा राक्षस, आणि ज्याच्या अंगावर पिसवा बुजबुजत आहेत असा अवाढव्य उंदीर. काळे उंदीर आणि त्यांच्या अंगावरील पिसवा यांच्यामुळे प्लेग माणसांत येतो, हे शास्त्र जे हजार पत्रकांनी सांगता आले नसते ते त्या एका उंदराने निरक्षरांना सांगितले. त्यानंतर आले नगराचे सफाईवाले. नवी पांढरीशुभ्र वस्त्रे, अंगावर फुले, गाड्या आणि बैल सजविलेले. ज्यांची सावली टाळली जात असे ते राजरस्त्याने मानकऱ्यांसारखे चालले. सबंध सोहळ्यात आम्हांला हे दृश्य सर्वांत मोलाचे वाटते. मागून लक्ष्मी आली, आणि तिच्यामागे इंदूर नगरीची नवी देवता, भावी शहराचा नकाशा घेऊन. कारागिरांचे रथ, नव्या घरांच्या प्रतिकृती, फळेफुले, आणि शेवटी घरोघर वाटण्यासाठी तुळशीची रोपे. रात्री राक्षस व उंदीर जाळण्यात आले. साथ ओसरली. ऋतू बदलण्याचाही त्यात वाटा होता. पण पुढे मुले त्या म्हाताऱ्याला पाहून पळेनाशी झाली. इंदूरविषयीचा त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९१९ ते १९२४ पर्यंत ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते. त्यांचे बोलणे दाढीतल्या दाढीत राही आणि मागच्या बाकांवर काही ऐकू जात नसे. तरीही त्यांच्या व्याख्यानांस बसणाऱ्यांत मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये होते. गेडिस यांच्या शिफारशीने ते विलायतेस शिकावयास गेले आणि १९२४ मध्ये त्यांच्याच विभागाचे प्रमुख झाले. जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र गेडिस यांनी १९२० मध्ये लिहिले. रवींद्रनाथांशी त्यांचा स्नेह होता आणि धाकटा मुलगा आर्थर याने श्रीनिकेतनात काही काळ काम केले.

प्रकृतीने साथ सोडल्यावर १९२४ मध्ये ते दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए येथे गेले. तेथेही खडकाळ टेकडीवर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह आणि बाग उभारावयास घेतली. १९३२ मध्ये त्यांना सरकी मिळाली आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी त्यांचे निधन झाले. बहुतेक अहवाल दप्तरांत पडून राहिले होते. एडिंबरोच्या किल्ल्याखाली जॉन्स्टन टेरेस येथे त्यांच्या मंडळींनी उठविलेल्या बागांपैकी एक लहानशी बाग मात्र पुढे वन्यजीवांसाठी राखून ठेवण्यात आली.